टाकी सफाईची सेवा सुरू करतो आहे: सुरक्षेचा खर्च दरात कसा बसवावा?

नमस्कार. सांगली-मिरज भागातील गृहनिर्माण सोसायट्या, दवाखाने आणि वसतिगृहे यांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या स्वच्छ करून देण्याची सेवा मी सुरू करणार आहे. पाणीपुरवठ्याच्या कामांवर पर्यवेक्षक म्हणून काम केलेले असल्याने पंप, पाइपलाइन आणि टाक्या यांची मला चांगली माहिती आहे. स्वतःचा व्यवसाय मात्र प्रथमच करीत आहे. वायरिंगचे काम जाणणारा एक मित्र भागीदार म्हणून येणार आहे आणि दोन कामगार रोजंदारीवर घेण्याचा विचार आहे. माझा मुख्य प्रश्न दराविषयीचा आहे, परंतु तो समजण्यासाठी कामाचे स्वरूप आधी सांगणे आवश्यक वाटते.

गच्चीवरची टाकी धुणे तुलनेने सोपे असते. जमिनीखालच्या टाकीचे तसे नाही. दोन फुटांचे झाकण, आत उजेड नाही, हवा खेळायला दुसरी वाट नाही. कुजलेला गाळ आणि गंजणारे लोखंड आतला प्राणवायू हळूहळू खात असतात. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो आणि तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की आत उतरणे धोक्याचे मानले जाते, पण हा फरक नाकाला मुळीच कळत नाही. आतला माणूस कोसळला की बाहेरचा घाईने खाली उतरतो आणि तोही परत येत नाही, अशा बातम्या आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. डिझेल पंप टाकीच्या तोंडाशी चालवला तर त्याचा धूर आत साचतो, आणि टीसीएल पावडरीचा (पाणी निर्जंतुक करण्याच्या ब्लीचिंग पावडरीचा) आम्लाशी संबंध आला तर क्लोरीन वायू सुटतो.

म्हणून मी ठरवले आहे की प्राणवायू आणि विषारी वायू मोजणारा मीटर, हवा आत सोडणारा ब्लोअर, कमरेचा नव्हे तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि माणसाला वर ओढून घेता येईल अशी विंच बसवलेली तिपाई या चार गोष्टींशिवाय कोणालाही जमिनीखालच्या टाकीत उतरवायचे नाही. माणूस आत असताना विजेचा पंप बंद राहील, उजेडासाठी बॅटरीचा दिवा असेल आणि तोंडाशी एक जण फक्त लक्ष ठेवण्यासाठी उभा असेल. त्या एका माणसाची मजुरी कोणत्याही कामात दिसत नाही, तरी ती द्यावीच लागते.

अडचण इथे सुरू होते. ४८ सदनिकांच्या एका सोसायटीत जमिनीखाली ६०,००० लिटरची एक आणि गच्चीवर चार टाक्या आहेत. साधनांची झीज, विमा, वाहतूक आणि तोंडाशी उभ्या राहणाऱ्या त्या चौथ्या माणसाची मजुरी धरून माझा हिशेब एका सफाईला ७,२०० रुपयांवर जातो. सध्या त्यांना हेच काम सुमारे ४,३०० रुपयांत, दोरी आणि बादलीच्या भरवशावर करून मिळते. घरटी पाहिले तर फरक सहा महिन्यांतून एकदा साधारण ६० रुपयांचा आहे. परंतु समितीच्या बैठकीत घरटी आकडा कोणी मांडत नाही, दोन दरपत्रके शेजारी ठेवली जातात आणि कमी रकमेचे मंजूर होते. दरपत्रकातच घरटी खर्च लिहावा का? सुरक्षेचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा की एकूण दरात मिसळावा? वेगळा दाखवला तर ‘ती ओळ वगळा आणि काम करा’ असे सांगितले जाईल, अशी मला भीती वाटते, आणि ते मी कधीही मान्य करणार नाही.

जास्त दराच्या बदल्यात सफाईपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे, टाकी भरल्यावर समितीसमोर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी) आणि झाकण, जाळी व तडे यांविषयीची लेखी नोंद देण्याचा विचार आहे. निर्जंतुकीकरणासाठी टाकी तीव्र क्लोरीनच्या पाण्याने पूर्ण भरून ते सोडून देणे उन्हाळ्यात परवडणारे नाही, त्यामुळे भिंती व तळ द्रावणाने धुऊन काढण्याची पद्धत ठेवत आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्याकडे, आणि जानेवारी २०२५ मधील जीबीएसच्या (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या) रुग्णांनंतर पुण्यात, लोक पाण्याबाबत अधिक जागरूक झाले. ती जागरूकता ओसरल्यावरही काम मिळत राहावे यासाठी वर्षातून दोन सफायांचा करार करावा असे वाटते. असा करार करणाऱ्यांनी आगाऊ रक्कम किती घेतली, हे कृपया सांगावे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असल्यास ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचे कायद्याचे संरक्षण आहे हे मला माहीत आहे. पण ज्या सोसायटीकडून पुढच्या वर्षी काम हवे आहे तिच्याविरुद्ध तक्रार करणे कितपत व्यवहार्य आहे, हे अनुभवी व्यक्तीच सांगू शकेल.

कागदपत्रांची तयारी बहुतेक झाली आहे. कामगार मोजकेच असल्याने दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते, व्यवसाय कराचे वार्षिक २,५०० रुपये धरले आहेत आणि उलाढाल २० लाखांच्या बरीच आत राहणार असल्याने जीएसटी नोंदणी तूर्त घेत नाही. साधनांसाठी लहान व्यवसायांसाठीच्या मुद्रा योजनेच्या किशोर गटातून कर्ज मागणार आहे.

भागीदारीबाबत मात्र निर्णय होत नाही. साध्या भागीदारीत अपघाताची भरपाई दोघांच्या घरादारापर्यंत येऊ शकते. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) केल्यास दरवर्षीचा कागदोपत्री खर्च वाढतो. रोजंदारीवरचे कामगार बदलत असतील तर त्यांची नावे न देता, केवळ संख्येवर नुकसानभरपाई विमा मिळतो का, आणि बंदिस्त जागेतील काम असे स्पष्ट लिहिल्यावर हप्ता किती वाढतो? टाकी सफाई, लिफ्ट देखभाल किंवा उंचावरील रंगकाम अशा जोखमीच्या सेवा देणाऱ्या कोणी अशी पॉलिसी घेतली असेल, तर तिच्यातील कोणत्या अटी आधी वाचाव्यात हेही कळवावे. पहिले दरपत्रक पुढील महिन्यातील समितीच्या बैठकीपूर्वी द्यायचे आहे.