गुन्ह्यांच्या नोंदीत 'लिंग' लिहावे की 'लिंगभाव'?

मांडवीकाठ: गोव्यातल्या मराठी वाचकांसाठी जनमत चाचणीचा मसुदा करतो आहे. विषय असा, की पोलिसांच्या आकडेवारीत माणसाचे लिंग कशावरून नोंदवावे. सध्याचा प्रश्न: 'गुन्ह्याच्या नोंदीत व्यक्तीने सांगितलेले लिंग लिहावे का?' इथे 'लिंग' चालेल, की 'लिंगभाव' (इंग्रजीतला 'जेंडर') हवे?

कुळागर: हा प्रश्न असा ठेवू नका. 'लिंग' वाचून कुणी शरीराचा विचार करील, कुणी ओळखीचा. दोघेही 'हो' म्हणतील आणि तुम्ही ते एकाच खात्यात मोजाल. 'लिंगभाव' समाजशास्त्रात रुळला आहे, पण म्हापशाच्या बाजारात थांबवून विचारले तर समोरच्याला आधी शब्दच समजावून द्यावा लागेल, आणि समजावताना विचारणाऱ्याचे मत मिसळते. त्यापेक्षा सरळ फोड करा: 'जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग' आणि 'व्यक्ती स्वतःला काय मानते'. इथे पुष्कळांच्या मनात उत्तर 'बायल' (बाई), 'दादलो' (पुरुष) असे कोकणीतून उमटते. लांबलचक संज्ञेवर ते अडखळतात. आणि 'स्त्रीलिंगी', 'पुल्लिंगी' नामासाठी राखून ठेवा, आरोपीसाठी नकोत.

पाटो: कुळागर यांच्याशी सहमत. शिवाय आरोपी आणि पीडित यांचे प्रश्न वेगळे करा, कारण नोंदीचा परिणाम दोन्हीकडे वेगळा होतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'स्त्री' म्हणजे कोणत्याही वयाची मानवी मादी, अशी व्याख्या आहे. 'लिंग' या व्याख्येत मात्र पुरुष व स्त्रीबरोबर ट्रान्सजेंडर व्यक्तीही आली. विनयभंगाच्या कलम ७४मध्ये पीडित स्त्रीच असावी लागते. म्हणजे पीडितेच्या बाबतीत रकान्यातल्या शब्दावर कलम ठरू शकते, आणि कलमावरून तो गुन्हा आकडेवारीच्या 'महिलांवरील गुन्हे' या भागात मोजला जाणार की नाही ते. आरोपीच्या बाबतीत अटकेचे नियम येतात: स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची.

आकड्यांचा धोका खरा छोट्या गटात असतो. समजा एखाद्या गुन्ह्यात २०० आरोपी, पैकी १९४ पुरुष, ६ स्त्रिया. दोन नोंदी एका रकान्यातून दुसऱ्यात गेल्या तर पुरुषांचा आकडा जेमतेम एक टक्का घटतो, स्त्रियांचा ६वरून ८ होतो, म्हणजे एकतृतीयांशाने वाढतो. गोव्यासारख्या लहान राज्यात वर्षाच्या तक्त्यात असे बारीक आकडे जागोजागी येतात. त्यावरून 'महिला गुन्हेगारी वाढली' असा मथळा लावणे चुकीचे आहे, आणि कुणाची ओळख नाकारून तो आकडा दुरुस्त करणेही अन्यायाचे आहे. म्हणून दोन रकाने हवेत, एक जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाचा आणि दुसरा स्वतः सांगितलेल्या ओळखीचा, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटनमध्येही वाद याच मुद्द्यावर आहे. मार्च २०२५मध्ये आलेल्या सलिव्हन अहवालाने (तिथल्या सरकारने प्रा. ॲलिस सलिव्हन यांच्याकडून करून घेतलेल्या पाहणीने) लिंग आणि लिंगओळख एकाच प्रश्नात मिसळू नये, लिंगाची नोंद कायम ठेवावी, असे सुचवले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४च्या नाल्सा निकालाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. दोन रकाने ठेवले तर दोन्ही गोष्टी सांभाळता येतात.

सांतिनेज: बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांची जुळणी कुणी विसरू नये. घरचे तक्रारीत 'स्त्री' लिहितात, शवविच्छेदनात शरीरावरून 'पुरुष' नोंद होते. शोधताना लिंगाची चाळणी लावली की दोन्ही नोंदी समोरासमोर येतच नाहीत, आणि एक कुटुंब वाट पाहत राहते. यासाठीही दुसरा रकाना हवा.

मांडवीकाठ: तिसऱ्या पर्यायाला 'तृतीयपंथी' म्हणू, की 'इतर'?

कुळागर: 'इतर' नको. न विचारलेले, न सांगितलेले, घाईत राहून गेलेले, सगळे तिथे साचते. 'माहिती नाही' हा पर्याय स्वतंत्र द्या. 'तृतीयपंथी' म्हटल्यावर लोकांसमोर बहुधा हिजडा समाजच उभा राहतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्यातल्या मूळ व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, आंतरलिंगी (जन्मतः शरीर ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या) व्यक्तीही होत्या. 'ट्रान्सजेंडर' लिहा, वर्तमानपत्रांमुळे तो शब्द ओळखीचा झाला आहे. आणि तो दुसऱ्या रकान्यातच ठेवा.

पाटो: प्रश्न असे करून पाहा: 'आरोपीचे जन्मावेळी नोंदलेले लिंग पोलिसांनी लिहावे का?' 'आरोपी स्वतःला काय मानतो किंवा मानते, तेही वेगळे लिहावे का?' मग हेच दोन पीडितासाठी. 'फक्त', 'खरे', 'जैविक सत्य', 'भेदभाव' हे शब्द प्रश्नात नकोत. त्यांनी उत्तर आधीच कलते. अर्ध्या लोकांना दुसरा प्रश्न आधी विचारा, क्रमाचा परिणामही कळेल.