प्रति: डेंटल हायजिनिस्टच्या (दातांच्या स्वच्छतेचं काम करणाऱ्याच्या) कोर्सला दोन वर्षं कशाला?
'दवाखान्यात राहून सहा महिन्यांत शिकता येतं' हे तुमचं म्हणणं दंतवैद्याच्या मदतनीसापुरतं खरं. ऑटोक्लेव्ह (वाफेवर अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं, तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी धरणं, दातात भरायचं सिमेंट कालवणं जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच मुली बघूनच शिकतात. हायजिनिस्टचं तसं नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात त्याची वेगळी व्याख्याच केली होती: दात खरवडणं, साफ करणं, पॉलिश करणं, निगा शिकवणं. त्यासाठी बारावी विज्ञान, मग दोन वर्षांची पदविका आणि राज्य दंत परिषदेकडे नोंदणी.

शिकवण्याचं काम हलकं समजू नका. अमळनेरच्या मामीची मिसरी डॉक्टरांच्या रागावण्याने सुटली नाही. दवाखान्यातल्या पोरीने हातात आरसा देऊन हिरड्या दाखवल्या, तेव्हा कुठे निम्म्यावर आली. आणि प्रवेशाआधी कॉलेजला याच पदविकेची मान्यता आहे का ते विचारा, बीडीएसची (दंतवैद्याच्या पदवीची) असली म्हणजे हीही असतेच असं नाही.