९.९ एचपी आउटबोर्डला कोणता पंखा घ्यावा?

खाडीतला_नवखा:
१६ फुटी फायबरची होडी, मागे ९.९ एचपी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पंखा (प्रोपेलर) तीन पात्यांचा, अॅल्युमिनियमचा, व्यास सव्वानऊ इंच, पिच अकरा. चार माणसं, जाळं आणि बर्फाची पेटी घेऊन वर्सोव्याच्या खाडीबाहेर पडलो की फुल थ्रॉटलला ४७०० आरपीएम आणि १० नॉट. मॅन्युअल ५००० ते ६००० म्हणतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर, मागची बाजू बसलेली. चार पात्यांचा स्टीलचा घेऊ का?

सुकाणू:
स्टील नको. तुमचं दुखणं पिचचं आहे. अकरा पिच म्हणजे एका फेऱ्यात, न घसरता, अकरा इंच पुढे. गिअर २.०८ धरला (इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याची एक) तर ४७०० ला हिशेब असा: ४७०० भागिले २.०८, गुणिले ११, मग मिनिटाच्या इंचांचे नॉट करायला भागिले १२१५. साडेवीस नॉट. तुम्हाला मिळतात १०, म्हणजे निम्मं घसरणीत जातंय. मशीन चढणीवर चौथ्या गिअरात अडकलेल्या गाडीसारखं कुंथतंय. असंच चालवलं तर कार्बन धरेल, पेट्रोलही जास्त पिईल.

पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आठ पिच घ्या, भरलेल्या होडीत ५२००-५३०० दिसायला हवेत. रिकाम्या होडीत ६००० च्या वर जाऊ लागलं तर थ्रॉटल आवरा.

आणि चार माणसं, बर्फ घेऊन ९.९ वर होडी पाण्यावर पूर्ण उठून धावेल ही आशा सोडा. पंखा काही एचपी वाढवत नाही.

पाती_घासणारा:
आधी ४७०० खरे आहेत का पाहा. प्लगच्या वायरीला गुंडाळायच्या टॅकोमीटरचं सेटिंग चुकलं की आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. चाचणी नेहमीच्या वजनानिशी. प्रवाहाने आरपीएम बदलत नाहीत, जीपीएसचा वेग बदलतो. ओहोटीच्या दिशेने एकदा, उलट एकदा, मग सरासरी.

पंखा बदलण्याआधी उंचीही बघा. वळणावर किंवा लाटेवर आरपीएम एकदम वर जाऊन होडी ढिली पडत असेल तर पंखा हवा ओढतोय. पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली हवी. सरळ जाताना, थ्रॉटल देताच तसं होत असेल तर आतला रबरी हब सुटलाय. हबवरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढा आणि फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर हब गेला.

खाडीतला_नवखा:
उंची बरोबर आहे, रेघही जागेवर. मग स्टील का नको?

सुकाणू:
खाडीत खडक, जुने खुंट, ओहोटीला उघडा पडणारा गाळ. अॅल्युमिनियमचं पातं वाकतं, स्टीलचं वाकत नाही, धक्का गिअरपर्यंत पोचतो. चौथं पातं पकड वाढवतं, पण आरपीएम आणखी खाली आणतं. एचपी बघून पंखा घेऊ नका. जुना दुकानात न्या, स्प्लाइनचे (पंखा शाफ्टवर बसतो त्या खाचांचे) दात मोजून घ्या. टू-स्ट्रोकचा पंखा फोर-स्ट्रोकला बसेलच असं नाही.

पाती_घासणारा:
बसवताना किल-स्विचची दोरी काढा, प्लगची कॅपही. प्लेट आणि पात्याच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवा. पंखा निघाला की मागचा थ्रस्ट वॉशर काढून शाफ्टभोवती नायलॉनचा दोरा गुंडाळलाय का बघा. मुंबईत तो सापडतोच, आणि तोच शाफ्टचं सील कापतो. मग पाणी शिरून गिअर ऑइल दुधाळ होतं. स्प्लाइनला मरीन ग्रीस, साधं खाऱ्या पाण्यात धुऊन जातं. थ्रस्ट वॉशर जसा निघाला तसाच परत घाला. विसरलात तर पंखा थेट गिअरच्या घराला घासतो. नट अडवणारी कॉटर पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची.

अकराचा पंखा विकू नका. दोघंच जाल तेव्हा लागेल, शिवाय होडीत स्पेअर हवाच.

खाडीतला_नवखा:
आठ पिच, अॅल्युमिनियम, तीन पाती. उधाणाची भरती उलटल्यावर चाचणी घेतो, आकडे इथेच टाकतो.