मदत हवी आहे: डिक्शनरीत शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधला की सापडत नाही (पायथन)

शून्यापासून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पायथन शिकायला घेतलंय आणि सरावासाठी एक छोटा प्रोग्राम लिहितोय. अनेकवचन टाइप केलं की एकवचन सांगायचं, एवढंच त्याचं काम. 'खुर्च्या' लिहिलं की 'खुर्ची', 'विटा' लिहिलं की 'वीट'. नियम लिहून जमवायला गेलो तर व्याकरणातच अडकेन, म्हणून सरळ यादी फाइलमध्ये ठेवलीय. प्रत्येक ओळीत अनेकवचन, स्वल्पविराम, एकवचन. काही शब्द मी संगणकावर टाइप केले, बाकीचे मैत्रिणीने फोनवरून लिहून पाठवले.

कोड इथे चिकटवला की ओळींची मांडणी विस्कटते, म्हणून शब्दांत सांगतो. फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) देऊन उघडतो. एकेक ओळ वाचतो, स्वल्पविरामावर स्प्लिट करतो. पहिला तुकडा 'की', दुसरा व्हॅल्यू, असं डिक्शनरीत भरतो. मग इनपुटने शब्द घेतो आणि चौकोनी कंसात तो देऊन उत्तर छापतो.

'खुर्च्या', 'विटा', 'पेट्या' व्यवस्थित सापडतात. 'पायऱ्या' आणि 'बासऱ्या' टाकलं की कीएरर, म्हणजे अशी 'की' नाही असं सांगून प्रोग्राम थांबतो. 'दऱ्या' मात्र सापडतो! फाइल उघडून बघितली, तिन्ही शब्द तिथे आहेत, अक्षरात तसूभर फरक नाही.

दुसरी गंमत म्हणजे फाइलमधली पहिली ओळ 'नद्या' आहे आणि तीही सापडत नाही. तिच्या आधी दुसरी कुठली ओळ घातली की 'नद्या' सापडतो, पण मग ती नवी पहिली ओळ हरवते.

शिवाय उत्तराखाली एक रिकामी ओळ उगाच छापली जाते. तिचं एवढं काही नाही.

मी दोन गोष्टी करून पाहिल्या. डिक्शनरी शब्दापासून एक आकडा काढून त्यावरून तो शोधते, त्या आकड्याला हॅश म्हणतात. हॅश फंक्शनने 'पायऱ्या'चा हॅश छापला, तर प्रोग्राम पुन्हा चालवला की आकडा बदलतो. हॅशच बदलत असेल तर शब्द सापडणार कसा? मग डिक्शनरीवर भरवसा न ठेवता फॉर लूप लावला आणि सगळ्या कीज एकेक करून टाइप केलेल्या शब्दाशी दोन बरोबर चिन्हांनी ताडून पाहिल्या. तरीही नाही. आता काय बघू?

रात्रपाळी

चौकोनी कंसाऐवजी गेट वापरा. शब्द नसेल तर कीएरर न येता 'नन' मिळतो, किंवा गेटला दुसरी किंमत म्हणून 'हा शब्द यादीत नाही' असं वाक्यच देऊन ठेवा. प्रोग्राम मध्येच कोसळणार नाही.

रिकाम्या ओळीचं कारण सोपं आहे. फाइलमधून वाचलेल्या ओळीच्या शेवटी नवी ओळ सुरू करणारं चिन्ह असतं, ते व्हॅल्यूला चिकटून येतं. स्प्लिट करण्याआधी ओळीवर स्ट्रिप चालवा.

आणि तो फॉर लूप काढून टाका. डिक्शनरी घेऊन पुन्हा सगळ्या कीजवर फिरायचं असेल तर साधी यादी काय वाईट होती?

बगळा

स्ट्रिपशी सहमत, बाकीच्याशी नाही.

गेट आत्ता लावू नका. त्याने एरर जाईल, शब्द सापडणार नाही. काहीतरी बिघडलंय हे कीएररमुळेच तर कळतंय, ती आत्ताच गप्प केली तर शोधायला धागा उरणार नाही. प्रोग्राम नीट झाला की खुशाल गेट लावा, कारण तेव्हा माणूस यादीत नसलेला शब्द टाकणारच.

आणि फॉर लूप कायमचा ठेवायचा नाही हे खरं, पण या धाग्यातली सगळ्यात कामाची माहिती त्यातूनच मिळाली आहे. लूपमध्ये हॅशचा संबंधच येत नाही, तिथे फक्त दोन स्ट्रिंगची तुलना होते. तीही फसली म्हणजे डिक्शनरी निर्दोष. तुमच्या दोन 'पायऱ्या' एकमेकींच्या बरोबरीच्याच नाहीत.

हॅशचा आकडा बदलतो ते मुद्दाम केलेलं आहे. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगच्या हॅशमध्ये प्रोग्राम सुरू होताना एक यादृच्छिक संख्या मिसळली जाते. तसं नसेल तर एकाच जागी आदळणाऱ्या हजारो कीज आधीच हिशोब करून पाठवायच्या आणि एखादा सर्व्हर गुदमरवायचा, हे कुणालाही जमतं. पण ही संख्या एकदा ठरली की प्रोग्राम संपेपर्यंत तीच राहते. तुमची डिक्शनरी दर वेळी नव्याने मेमरीत भरली जाते, त्यामुळे भरताना आणि शोधताना हॅश एकच असतो.

शोधताना आत काय घडतं तेही सांगतो, पुढे उपयोगी पडेल. शब्दापासून हॅश काढला जातो, त्या आकड्यावरून टेबलातली जागा ठरते. त्या जागी कुणी बसलेलं असेल तर आधी हॅश जुळतो का ते बघतात, जुळला तर खरी की बरोबर आहे का ते बघतात. दोन्ही जुळलं तरच व्हॅल्यू मिळते. दुसराच कुणी बसलेला निघाला तर ठरलेल्या रीतीने पुढची जागा तपासतात. रिकामी जागा लागली की शोध संपला, कीएरर. या सगळ्यात 'साधारण सारखा' असा प्रकारच नाही. एक कोड पॉइंट (अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक) इकडचा तिकडे झाला की हॅश वेगळा, बहुतेक वेळा जागाही वेगळी. शेजारी तसाच दिसणारा शब्द आहे का हे डिक्शनरी बघायलाही जात नाही.

आता एक करा. टाइप केलेला 'पायऱ्या' आणि फाइलमधली ती की, दोन्हींची लांबी लेन फंक्शनने छापा. मग दोन्हींवर ॲस्की फंक्शन चालवून ते छापा. त्यात प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाच्या (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) रूपात दिसेल. 'नद्या'चंही करा. जे येईल ते इथे लिहा.

शून्यापासून

केलं. लांबीच वेगळी आहे! टाइप केलेल्या 'पायऱ्या'ची ७, फाइलमधल्याची ८. क्रमांक असे:

टाइप केलेला: ०९२ए, ०९३ई, ०९२एफ, ०९३१, ०९४डी, ०९२एफ, ०९३ई

फाइलमधला: ०९२ए, ०९३ई, ०९२एफ, ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ, ०९३ई

फाइलमधल्या 'नद्या'च्या आधी एफईएफएफ असं काहीतरी आहे. ते मी टाइप केलेलं नाही. स्ट्रिप लावल्यावर रिकामी ओळ गेली, पण हे दोन्ही पाहुणे तसेच बसून आहेत.

अर्धविराम

मराठी मजकुराशी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं.

०९३० म्हणजे आपला नेहमीचा र. ०९३१ म्हणजे ऱ, युनिकोडमध्ये तो स्वतंत्र वर्ण आहे. ०९४डी म्हणजे हलन्त. २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. 'पायऱ्या'मधला तो आडवा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह. दुसरी रीत युनिकोडच्या २.० आवृत्तीत होती, जुना मजकूर बिघडू नये म्हणून ती अजून चालते. पडद्यावर दोन्ही सारख्याच उमटतात. कोणता कीबोर्ड कोणती रीत वापरतो यावर आपला ताबा नाही. फाइलमधला 'पायऱ्या' बहुधा तुमच्या मैत्रिणीच्या फोनवरून आलाय आणि 'दऱ्या' तुम्ही स्वतः टाइप केलाय. 'खुर्च्या'मधला रफार साध्या र आणि हलन्ताचाच असतो, तिथे दुसरा पर्याय नाही, म्हणून तो सुखरूप.

'नद्या'चा प्रश्न वेगळा आहे. एफईएफएफ ही फाइलच्या सुरुवातीला ठेवलेली एन्कोडिंगची खूण, बीओएम म्हणतात तिला. काही एडिटर आणि स्प्रेडशीट सेव्ह करताना ती घालतात. साधं यूटीएफ-८ देऊन फाइल उघडली की ती पहिल्या शब्दाचा भाग बनते. फाइल उघडताना एन्कोडिंगचं नाव 'यूटीएफ-८-सिग' द्या, ती असेल तर गाळली जाईल, नसेल तरी काही बिघडणार नाही.

स्ट्रिपने हे दोन्ही का जात नाही? स्ट्रिप कडेच्या मोकळ्या जागा काढतं आणि पायथनच्या लेखी ही दोन्ही चिन्हं मोकळी जागा नाहीत. शिवाय जोडचिन्ह शब्दाच्या मध्ये आहे.

रात्रपाळी

मग युनिकोडडेटा मॉड्यूल आहे की! त्यातलं नॉर्मलाइझ फंक्शन एनएफसी रूप (सुटे तुकडे शक्य तिथे जोडून लिहायचं ठरलेलं रूप) सांगून चालवायचं, सगळं एका साच्यात येतं.

अर्धविराम

अर्धं येतं. कुणी ऱ हा र आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत लिहिला असेल तर एनएफसी त्याचा एकसंध ०९३१ करून देतं. तेवढ्यासाठी ते हवंच. पण र, हलन्त, जोडचिन्ह या मांडणीला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ही आणि ऱची मांडणी समतुल्य धरलेली नाही.

दुसरा मोह म्हणजे २००डी दिसेल तिथून उडवून टाकायचं. तसं करू नका. जोडचिन्ह काढल्यावर उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा होतो रफार. 'दऱ्या' लिहिणारा 'दर्या' शोधायला लागेल. डोंगरातून थेट समुद्रात!

म्हणून आधी बदल, मग सफाई. एक छोटं फंक्शन लिहा. नाव 'साफ' ठेवलंत तरी चालेल, पायथन ३ देवनागरी नावं घेतं. त्यात क्रमाने ओळी अशा: शब्दावर स्ट्रिप. मग एनएफसी. मग रिप्लेसने 'र, हलन्त, २००डी' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त'. त्यानंतर उरलेली २००डी आणि तिचं भावंड २००सी, दोन्ही काढून टाका. शोधण्यापुरता त्यांचा उपयोग नाही.

आणि हे फंक्शन दोन्ही दारांवर हवं. फाइलमधली की डिक्शनरीत जाताना आणि इनपुटमधला शब्द शोधायला जाताना. एकाच बाजूला लावलं तर आज सापडणारे शब्दही उद्या हरवतील. व्हॅल्यूला मात्र नुसतं स्ट्रिप पुरे, ती फक्त छापायची आहे.

शून्यापासून

चाललं! 'पायऱ्या', 'बासऱ्या', 'नद्या' सगळे सापडतात. फॉर लूप काढला, गेटही आता लावलं. फोनवरून कॉपी केलेला शब्द इनपुटला चिकटवून पाहिला, तोही चालतो.

आता लोभ सुटलाय म्हणून आणखी एक. 'पाने' टाकलं की 'पाना' येतं. यादीत 'पाने, पान' अशीही ओळ आहे, वरच्या बाजूला. ती कुठे गेली? पुन्हा कीबोर्डचीच भानगड आहे का?

बगळा

नाही, या वेळी डिक्शनरीचा स्वभाव आहे. एका कीला एकच व्हॅल्यू. झाडाचं पान आणि बोल्ट आवळायचा पाना, दोघांचंही अनेकवचन 'पाने'. नंतरची ओळ आली की आधीची व्हॅल्यू पुसली जाते, एररही येत नाही. 'खोडे'चंही असंच होईल: खोड आणि खोडा.

व्हॅल्यू म्हणून एका शब्दाऐवजी शब्दांची लिस्ट ठेवा. भरताना सेटडिफॉल्ट वापरा, त्याला की आणि रिकामी लिस्ट द्यायची. की नसेल तर ते रिकामी लिस्ट ठेवतं, असेल तर जुनीला हात लावत नाही, आणि दोन्ही वेळा ती लिस्ट तुम्हाला परत देतं. तिला नवा शब्द अपेंड करायचा. छापताना जॉइनने मध्ये स्वल्पविराम घालून जोडा. गेटला दुसरी किंमत म्हणून वाक्य दिलं असेल तर ते बदला, नाहीतर जॉइन त्या वाक्याच्या अक्षराअक्षरात स्वल्पविराम घालेल. रिकामी लिस्ट द्या आणि ती रिकामी आहे का ते तपासून वाक्य वेगळं छापा.

अपेंड करण्याआधी तो शब्द लिस्टमध्ये आधीच आहे का हेही इनने बघा. तुमच्या आणि मैत्रिणीच्या यादीत काही शब्द दुहेरी असणार. आतापर्यंत त्या दोन वेगळ्या कीज होत्या म्हणून किंवा व्हॅल्यू पुसली जायची म्हणून कळलं नाही. सफाईनंतर त्या एकाच कीवर येतील आणि 'पायरी, पायरी' असं उत्तर दिसेल.

अवांतर: कुणीतरी डिफॉल्टडिक्ट (डिक्शनरीचाच एक प्रकार) सुचवेलच. चांगलं आहे, पण त्यात नसलेला शब्द चौकोनी कंसाने शोधला की तो शब्द रिकाम्या लिस्टसह डिक्शनरीत जाऊन बसतो. शोधण्याच्या प्रोग्राममध्ये ते नको.

शून्यापासून

'पाने' टाकलं, 'पान, पाना' आलं. दुहेरी शब्दही निघाले, बरेच निघाले. सगळ्यांचे आभार.

अर्धविराम

साफ फंक्शनमध्ये आणखी एक रिप्लेस घालून ठेवा. ॲ हा ०९७२ क्रमांकाचा एकच वर्ण आहे, पण बरेच लोक अ वर चंद्र देऊन तो दोन तुकड्यांत लिहितात, ०९०५ आणि ०९४५. एनएफसी यांनाही एकत्र करत नाही. तुमच्या यादीत सध्या असा शब्द नसेल, पण इंग्रजीतून आलेले शब्द भरायला घेतलेत की पहिल्याच पानावर भेटेल.