मदत हवी आहे : बाबांचं उर्दू पुस्तक वाचून दाखवणारं कुणी?

नमस्कार मंडळी. माझे बाबा सोलापुरात गिरणीत साच्यावर (मागावर) होते. परवा त्यांच्या ट्रंकेत उर्दू कवी कैफी आझमींचा ‘आवारा सजदे’ हा कवितासंग्रह सापडला, उर्दू लिपीतला. समासात बाबांनी पेन्सिलीने देवनागरीत अर्थ लिहिलेत. काही ठिकाणी कसरीने कागद खाल्लाय. ते उर्दू शिकले होते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं!

कैफी मूळचे आझमगढ जिल्ह्यातल्या मिजवां गावचे. मुंबईत कामगारांमध्ये कम्युनिस्ट पक्षाचं काम करायचे, त्यामुळे बाबांची ओढ मला समजते. ‘हीर रांझा’ (१९७०) सिनेमाचे संवाद कैफींनी अख्खे पद्यात लिहिले, ‘गर्म हवा’ सिनेमाची पटकथा शमा झैदींबरोबर. १९७३ साली पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली, तरी लिहीत राहिले. या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९७५ साली.

बेगम पेठ, विजापूर वेस भागात कुणी उर्दू वाचणारे चाचा किंवा शिक्षक असतील तर कळवा. नुसता अर्थ नको, मोठ्याने वाचून दाखवलेलं ऐकायचंय. मी रविवारी कुठेही येईन. कसर लागलेली पानं जपायची कशी, तेही सांगा. आईलाही सोबत आणणार आहे.