मदत हवी आहे: आमच्या मंडळीतले तरुण उपासनेला का थांबत नाहीत?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघाचं काम माझ्याकडे आहे. संडे स्कूलला मुलं भरपूर येतात, दृढीकरणापर्यंत (मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या विधीपर्यंत) टिकतात आणि मग गळतात. बरेच जण नोकरीसाठी पुण्याला गेलेत. नाताळला घरी आले की मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वादाआधीच बाहेर पडतात.

दोघांशी निवांत बोललो. एकीचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालंय. जुन्या गीतांतलं मराठी तिला अडतं. दुसऱ्याला धर्माबाहेरच्या लग्नाबद्दल विचारायचं होतं, पण कमिटीतल्या काकांनी पहिल्याच वाक्याला गप्प केलं. मला हेच जास्त लागलं. गिटार आणली की प्रश्न सुटेल असं आता वाटत नाही.

वडीलधाऱ्यांची भीतीही मला कळते. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं हा आमचा ठेवा आहे, तो जाऊ नये. पण टिळकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं रचली, तेव्हा पाश्चात्त्य चालींना सरावलेल्या मंडळीला तीही नवीच होती ना?

तुमच्याकडे पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) पंचविशीतल्या कुणाला मताधिकारासह घेतलंय का? ज्येष्ठांची समजूत कशी घातली? पुण्यात राहणाऱ्यांसाठी घरगुती प्रार्थनासभा कुणी चालवतं का, आणि त्यात अवघड प्रश्नांना जागा कशी देता? पाळकसाहेब अनुकूल आहेत. पुढच्या महिन्यात कमिटीची बैठक आहे, त्याआधी तुमचे अनुभव कळवा.