सभेत तुम्हाला बोलू दिलं का? अनुभव सांगा

सप्टेंबर संपत आला. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० तारखेच्या आत, सोसायटीची वार्षिक सभा घ्यावीच लागते. त्यामुळे शेवटच्या रविवारी आमच्या भागात भाड्याने खुर्च्या मिळणं मुश्कील. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद इथे नको. सभा चालवणाऱ्याने कोणाला बोलू दिलं, कोणाला बसवलं आणि इतिवृत्तात काय उतरलं, तेवढंच लिहा. ग्रामसभा, मंडळ, पतसंस्था, काहीही चालेल. नावं मात्र नकोत.

दुसरा मजला, पुणे
पार्किंगचं विचारलं तर उत्तर आलं, "अजेंड्यावर नाही, पुढच्या वेळी." दहा मिनिटांनी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' सुरू झाले आणि रंगकामाचं कंत्राट मंजूर! तेही अजेंड्यावर नव्हतंच. ज्या विषयाला रीतसर नोटीस लागते तो ऐनवेळी घेता येत नाही, असं आदर्श उपविधींतच (सोसायटीच्या नियमांच्या सरकारी नमुन्यातच) आहे. मी उपविधींची प्रत घेऊनच उभा राहिलो, तर म्हणाले, "तुम्ही फार कायदा काढता हो."

सासुरवाशीण
आमच्याकडे ग्रामसभा सुरू व्हायच्या आधीच रजिस्टर फिरतं. चहा घ्या, सही करा. सह्यांच्या वर पान कोरं. त्यावर नंतर काय लिहितात ते आम्हाला पंचायतीच्या फलकावरच कळायचं, फलक लावला तर. कोरमला १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, जे कमी असेल ते लागतात. तेवढे कधीच जमत नाहीत. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून सगळं पुढच्या खेपेला बिनबोभाट उरकतं. आदल्या दिवशीची महिला सभा तर कागदावरच.

मग एक नवे ग्रामसेवक आले. ते प्रत्येक ठराव तिथल्या तिथे लिहायचे, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट मोठ्याने वाचायचे आणि पानावर उरलेल्या जागेत तिरकी रेघ मारून मगच रजिस्टर सहीला द्यायचे. रस्ता तरीही सरपंचांच्या वस्तीकडेच गेला. पण आम्हा सात-आठ बायकांचा विरोध नावानिशी नोंदला गेला, आणि पुढच्या सभेत त्याच पानावर बोट ठेवून आम्ही बोललो. त्यांची बदली लवकर झाली, हे सांगायला नकोच.

नाव नको
आमच्याकडे नावडता माणूस बोलायला उभा राहिला की माइक नेमका खराब होतो.

माजी चेअरमन
दुसरी बाजूही ऐका. गळतीवर एकच गृहस्थ अर्धा तास बोलतात, त्यांना थांबवलं की आम्ही हुकूमशहा. मी एकच नियम ठेवला होता: सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा नाही, आणि नावं फळ्यावर क्रमाने. पहिल्यांदा थांबवलं ते माझ्याच शेजाऱ्याला. तो महिनाभर बोलला नाही, पण बाकीच्यांनी नियम मानला. ज्याला थांबवलं त्याला कारण सगळ्यांसमोर सांगायचं, नंतर जिन्यात गाठून नाही.

पुनर्विकासग्रस्त
पुनर्विकासाच्या सभेचं चित्रीकरण शासनाच्या निर्देशांमुळे होतं (४ जुलै २०१९ चे सुधारित निर्देश बघा). कॅमेरा लागल्यावर आमचे चेअरमन सगळ्यांना "बोला ना, बोला" म्हणायला लागले. पण घोळ सभेत नव्हताच. "माहिती घेतली" याचं इतिवृत्तात "सर्वानुमते मान्य केले" झालं! कच्चं इतिवृत्त आलं की पंधरा दिवसांत हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. चित्रफीत होती म्हणून आमची दुरुस्ती झाली. साध्या वार्षिक सभेला कोण कॅमेरा लावतंय?

दुसरा मजला, पुणे
@माजी चेअरमन, फळ्याची कल्पना उचलतो. एक सांगा, विषय चेअरमनच्याच थकबाकीचा असेल तर खुर्चीत कोण बसायचं? आमच्याकडे तेच बसतात, आणि "कोणाची हरकत?" हेही तेच विचारतात.

माजी चेअरमन
माझ्या गच्चीवरच्या शेडचा विषय आला तेव्हा मी खाली सभासदांत बसलो, दुसऱ्या सभासदाला अध्यक्ष केलं. शेड काढायला लागली. ती गोष्ट वेगळी.